डोहातला मासा आणि माझी सवत

लग्न होऊन मी शिरूरहून दौंडला आले तेव्हा घरात माझ्या आधीच एक सवत होती. पांढरीशुभ्र, लांब मानेची, आणि डोळे असे पाणीदार की सुरम्याची गरजच नाही. घरधन्यांचा तिच्यावर जीव. सकाळी उठले की आधी तिच्या पाठीवर हात फिरवायचे, मग माझ्या हातचा चहा घ्यायचे. ती घोडी होती, आमच्या टांग्याची. पण एवढं सांगितल्यानं माझं तेव्हाचं दुःख काही कमी होत नाही. साऱ्या दौंडात ती फक्त मला चावायची.

मीही काही गरीब गाय नव्हते. मणेराची लेक होते. शिरूरच्या पेठेत वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आणि वर मी सातवी पास. त्या काळात सातवी पास झालेली मी अशी चालायचे, जणू मामलेदार रजेवर गेलेत आणि जाताना कचेरी माझ्यावर सोपवून गेलेत. सासरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना सांगितलं की तुमची चूल चुकीच्या भिंतीला आहे. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणायचो. अम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या, आणि नव्या चुलीसाठी माती आणायला भर दुपारी मलाच पाठवलं. पाटी डोक्यावर घेऊन परत आले तेव्हा जुनी चूल मला फार चांगली वाटायला लागली होती. तरी अक्कल काही आली नाही. ती यायला मासे लागले.

घरात आम्ही दखनी बोलायचो आणि दारात मराठी. इथं बहुतेक मराठीतच सांगते, नाहीतर नातवंडं म्हणतील, आजीनं एकच गोष्ट दोन भाषांत दुप्पट करून फेकली.

दौंड म्हणजे जंक्शन. गाड्या यायच्या, जायच्या, शिट्ट्या मारायच्या. स्टेशनाबाहेर लिंबाखाली टांगे उभे असायचे. आमचा टांगा त्यात देखणा, कारण घोडी पांढरी. खेड्यापाड्यांवर जाणारे उतारू, त्यांच्यावरच आमचं घर चालायचं. मग एसटी थेट स्टेशनाच्या तोंडाशी येऊन उभी राहायला लागली, आणि उतारू गाडीतून उतरले की हात दाखवत तिकडंच पळायचे. टांग्याला उरले आजारी, म्हातारे आणि ज्यांच्या ट्रंका एसटीच्या टपावर चढत नाहीत असे. उतारू कमी झाले, पण घोडीचा हरभरा काही कमी होईना. ती उभी राहिली तरी खायचीच.

एका संध्याकाळी अम्मांनी विषय काढला. "घोडी इकायची. टांगा पण. रेल्वेच्या लोको शेडमधी खलाशी भरत्यात, तिथं चिकटायचं."

घरधनी उठले, आणि अंधार पडेपर्यंत लगामाच्या पितळी कड्या चिंचेनं घासत बसले. दुसऱ्या दिवशी घासलेल्याच कड्या परत घासल्या.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. सवत जाणार! पण जेवताना नवऱ्याचं तोंड पाहिलं. ते भाकरी मोडत होते, खात नव्हते. मी मनाशी म्हटलं, सवत राहिली तर राहू दे, पण असा नवरा नको. आणि घोडी वाचवायची तर ती आता मीच वाचवणार, कारण मी सातवी पास.

पण घोडी वाचवायची सुरुवात माझ्या हातून झाली नाही. ती केली एका गार्डसाहेबांनी. ते रेल्वे कॉलनीत राहायचे. अंगानं भरलेले, डोक्यावर सोला हॅट, रविवारी सकाळी चर्चला जाऊन आले की खाकी अर्धी चड्डी. एका रविवारी ते कापडी पिशवीत लांब काठ्या घेऊन आले आणि म्हणाले, नदीवर डोहाला चल, दिवसभर थांब, संध्याकाळी परत आण. जायचं, यायचं आणि थांबायचं असं तिहेरी भाडं. आठवडाभर लिंबाखाली माश्या हाकलून जे मिळायचं नाही ते एका दिवसात.

रात्री घरधनी हसत हसत सांगत होते. "दिवसभर काठी धरून बसला. मासा लागला. वर काढला, हातात धरून बघितला, आन् दिला सोडून."

"सुटला असंल," अम्मा म्हणाल्या.

"न्हाई अम्मा, सोडला. त्याला काय तरी बोलला बी इंग्रजीत, आन् सोडला."

माझा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी दुपारची भाकरी पोचवायच्या निमित्तानं मी स्वतः डोहावर गेले. भीमेचा तो डोह गावापासून थोडा वरच्या अंगाला. काठावर जांभळीची झाडं, मध्ये एक काळा खडक, आणि पाणी असं हिरवंगार की तळ दिसत नाही. गार्डसाहेब दगडावर बसले होते. पाण्यावर एक बूच तरंगत होतं आणि ते त्या बुचाकडं असं बघत होते, जसं मी लग्नाआधी आरशाकडं बघायचे.

मी थोडा वेळ उभी राहिले. काहीच होईना. मग राहवलं नाही.

"साहेब, बाजारात मासा मिळतो की."

"मिलता है."

"स्वस्त मिळतो."

"बहुत सस्ता."

"मग हितं उन्हात कशाला बसायचं?"

त्यांनी बुचावरची नजर न काढता सांगितलं, "बाई, बाजार में मेरा बीवी भी आता है."

तेवढ्यात बूच खाली गेलं. काठी वाकली, दोरा चरचरला, आणि चांगली हातभर मरळ वर आली. त्यांनी आधी हात पाण्यात ओले केले, मग तिला धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, गळ काढला आणि पाण्यात सोडली. मी काठावरून ओरडले, जसं काही माझंच ताट पाण्यात पडलं!

महिनाभर मी आळीतल्या बायकांना ते सांगून हसवलं. "दिवसभर बसून मासा धरायचा आन् परत सोडायचा! म्हंजी भाकरी थापायची, भाजायची, पापुद्रा बघायचा, आन् परत पिठाच्या डब्यात टाकायची!" बायका हसायच्या, आणि मी आणखी रंगवून सांगायचे. मला वाटायचं, साऱ्या दौंडात हिशेब कळणारी मी एकटीच.

पण साहेबांनी कॉलनीत त्या डोहाचं कौतुक केलं असावं. पुढच्या रविवारी आणखी एक ड्रायव्हरसाहेब आले, मग एक तिकीट तपासनीस. टांग्याला दोन फेऱ्या पडायला लागल्या. मी तीन दगडांची चूल मांडून काठावर चहा सुरू केला. मग अंडी, भाकरी, लसणाची चटणी. एखादा मासा ठेवून घेतला तर तोही तिथंच तिखटमीठ लावून तव्यावर. गळाला लावायला लागते म्हणून मी गूळ घालून कणीक मळून न्यायचे आणि गोळ्या वळून विकायचे. माणसाला खायला घालून पैसे मिळतात हे ठाऊक होतं, माशाला खायला घालूनही मिळतात हे तिथं कळलं. वाटेवरच्या बायका आमच्या टांग्याच्या वाटेवर पेरू आणि शेंगा घेऊन बसायला लागल्या.

अम्मांनी घोडी विकायचं पुढं ढकललं. "ईदपर्यंत बघू," म्हणाल्या. घरधनी जेवायला लागले. घोडीनं मला दोनदा चावायचं टाळलं.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण सातवी पास बाई गप्प कशी बसेल?

झालं असं की एका रविवारी कुणालाच मासा लागला नाही. साहेब लोक तसे मजेत होते, चहा पीत होते, एकमेकांना चिडवत होते. पण मला मात्र घाम फुटला. मासा मिळाला नाही तर ही माणसं पुन्हा कशाला येतील? गिऱ्हाइकाला माल मिळालाच पाहिजे! मी रात्रभर विचार केला आणि असा तोडगा काढला की सकाळी स्वतःवरच खूश होऊन उठले.

डोहात कधीमधी जाळं टाकणारे एक भोईमामा होते. नदीकाठी राहायचे, बोलायला तिखट, पण मला लेकीसारखं मानायचे. मी त्यांच्याकडं गेले. "मामा, शनिवारी डोह ओढा. मिळतील ते मासे जिवंत ठेवा. मी सगळे घेते."

"सगळे?"

"सगळे."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, खांदे उडवले, आणि शनिवारी भावकीला घेऊन डोह ओढला.

रविवारी टांगा आला तेव्हा मी काठावर उभी होते, नवं लुगडं, ओठांवर हसू. गार्डसाहेब खाली पाय टेकतात न टेकतात तोच मी माशांची माळ त्यांच्यापुढं धरली. कल्ल्यांतून दोरी ओवलेली, अजून शेपट्या हलताहेत, मरळ, वाम, शिंगटा, सगळे.

"घ्या साहेब! आता बसायची गरजच न्हाई!"

"ये क्या है?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"मासे! तुमचा दिवस वाचला. दहाच्या आत घरी!"

गार्डसाहेबांनी हॅट काढली. कपाळ पुसलं. माळेकडं पाहिलं, मग डोहाकडं. "ये सब, इसी का है?"

"इथलंच की!" मी छाती पुढं काढून म्हणाले. "मामांनी पार तळापासून ओढलंय. एक शेपटी शिल्लक ठिवली न्हाई!"

तिकीट तपासनीस खोकले. माळेतला एक शिंगटा तेवढा शेपटी आपटत राहिला. गार्डसाहेबांनी हॅट परत घातली, काठी उघडली आणि तरीही बसले. सगळे बसले. दुपार झाली, कलली. बुचं पाण्यावर अशी निवांत पडून होती, जशी खिळ्यानं ठोकलीत. जाताना साहेबांनी चहाचे, भाड्याचे, सगळे पैसे नीट दिले. मासे मात्र कुणी घेतले नाहीत.

परतताना घरधनी घोडीच्या कानांकडं बघत म्हणाले, "अगं, ते मासं न्यायला येत नव्हते."

"मग कशाला येत्यात?"

"ते मला बी ठाऊक न्हाई. पर मासं न्यायला न्हाई."

आम्ही दोन दिवस मासे खाल्ले. बाकीचे शेजाऱ्यांना वाटले. पुढच्या रविवारी कॉलनीतून कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आणि मग कासुर्डीहून गिऱ्हाईक आलं, घोडीसाठी. फेटा बांधलेला, बोलायला गोड माणूस. त्याला पांढरी घोडी वरातीसाठी हवी होती. लग्नसराईत भाड्यानं द्यायची, नवरदेव बसवायचा. त्यानं घोडीचे दात बघितले, खूर उचलून बघितले. शेपटीकडून वळसा घालून पुढं आला तेव्हा घोडीनं त्याच्या फेट्याचा शेमला धरला आणि अख्खा फेटा उलगडला. त्या घडीला मला तिच्याबद्दल पहिल्यांदा मायेचं काहीतरी वाटलं.

"खोडी हाय का हिला चावायची?" त्यानं विचारलं.

"नवरदेवाला चावंल," घरधनी मोठ्या आशेनं म्हणाले.

"चावू दे. लग्न झाल्यावर त्याला सवय लागंलच की." तो हसला आणि फेटा गुंडाळायला लागला. "गूळ इकला की पैसं घिऊन येतो, अम्मा. शब्द पक्का?"

"पक्का," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. घरधनी उठून परत पितळी कड्या घासायला बसले.

संक्रांतीच्या आधी दरवर्षी माझे वडील बांगड्यांची पेटी घेऊन दौंडला एक चक्कर मारायचे. त्या वर्षीही शिरूरहून एसटीनं आले. पेटी उघडायच्या आत आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमल्या. मणेर आला की बायकांची दुपार त्याचीच. अब्बा एकेकीचा हात हातात घेणार, बोटं जुळवून तळवा दाबणार, हिरवी दाखवणार, लाल दाखवणार, "आक्का, औंदा हात बारीक झालाय, सून जेवायला घालत न्हाई का?" असं म्हणणार. आक्का हसणार, सून चिडणार, आणि त्या गडबडीत बांगडी मनगटावर कधी सरकली ते कळायचं नाही.

मी घाईत होते, डोक्यात घोडी. शेजारीण म्हणाली, "माझ्या मापाच्या दे गं," तर मी बांगड्यांचं एक पुडकं उचलून तिच्या हातात दिलं. "हे घ्या. घरी जाऊन भरा."

अब्बांनी ते पुडकं तिच्या हातातून परत घेतलं. हसत हसतच, पण परत घेतलं. "हात द्या, भाभी. पुडकं कसलं नेताय?" आणि ती निवांत मांडी घालून बसली, हात पुढं केला, आणि तिची नणंद कशी वागते ते पार पहिल्यापासून सांगायला लागली. संध्याकाळी पेटी बंद करताना अब्बा मला म्हणाले, "बेटा, पुडकी तर पेठेत कुठंबी मिळत्यात. दारातनं पुडकं दिलं तर आपल्यापुढं बसंल कोण?"

मी तिथंच, बांगड्यांच्या फुटक्या काचांत, बसून राहिले.

मणेराची लेक मी! आयुष्यभर बघत आले की बाई बांगडी घ्यायला येत नाही, हात द्यायला येते. दुपारभर बसायला, रंग बघायला, हसायला, चार घरची बातमी ऐकायला येते, आणि त्या बसण्याचेच पैसे देते. आणि मी काय केलं? साहेबांना डोहाच्या दारात बांगड्यांचं पुडकं दिलं. वर सांगितलं, दहाच्या आत घरी जा!

मग माझा हिशेब सुरू झाला, या वेळी खरा. बाजारात ती मरळ एकदा विकली जाते. एकाच्या ताटात जाते आणि संपते. पण डोहात असताना तिच्यामुळं टांगा फिरत होता, चहा उकळत होता, अंडी फुटत होती, पेरूवाल्या बायकांची पाटी रिकामी होत होती, घोडीला हरभरा मिळत होता. तीच मरळ आम्ही दर रविवारी विकत होतो आणि ती पाण्यातच होती. तिला सोडून देणारा गार्ड वेडा नव्हता. वेडी ती, जिनं तिच्या कल्ल्यात दोरी ओवली.

दुसऱ्या दिवशी मी भोईमामांकडं गेले.

"मामा, डोहात जाळं टाकायचं बंद करा."

मामांनी जाळ्याची गाठ मारता मारता वर पाहिलं. "त्या दिवशी म्हणालीस सगळं काढा. आज म्हणतीस काढू नका. मी काय नदीला ओवाळत बसू?"

"खालच्या अंगाला, उतारापाशी टाका. डोह तेवढा सोडा. आन् रविवारी साहेबांना मधल्या खडकावर नेऊन सोडा. त्येचे पैसे तुमचे."

"कशातनं नेऊ? माझी नाव कवाच कुजली."

ते मला सुचलं होतं. काठावर मळा असलेल्या आबांकडं एक जुनी काहील पडून होती, ऊस गाळून गूळ करतात ती मोठी लोखंडी कढई. बुडाला ठिगळ मारलं होतं म्हणून गुळाला चालत नव्हती. पण आमच्याकडं पुराच्या वेळी काहिलीत बसून माणसं नदी पार करायची. मामांना ठाऊक होतंच, म्हणून मी नुसतं म्हटलं, "आबांची काहील."

"त्या धिप्पाड साहेबाला काहिलीत?" मामांना हसू आवरेना. "गरागरा फिरंल त्यो!"

"फिरू द्या. पैसे देऊन फिरतोय."

"आन् पैसं दिलं न्हाईत तर?"

"मग मी देते."

"कुठनं देतीस?"

"घोडी इकून!"

मामा इतके हसले की गाठ सुटली. "बरं, जा. डोह हाय त्यो, तळं न्हाई. वरनं खालनं मासा यील परत. पर त्येला इथं ऱ्हावंसं वाटाय पायजे."

राहावंसं वाटावं म्हणून मी रोज संध्याकाळी उरलेसुरले भाकरीचे तुकडे नेऊन डोहात टाकायला लागले. अम्मांनी टोपलीत डोकावून बघितलं. "घोडीला हरभरा, माशांना भाकरी. उद्या मुंग्यांना साखर घाल, आन् आम्ही पानी पिऊन झोपतो." पण टोपली हिसकावून घेतली नाही. दोन-चार दिवसांनी तर शिळ्या भाकरी त्यांनीच वेगळ्या काढून ठेवल्या.

सुरुवातीला तुकडे तरंगत राहायचे. मग एका संध्याकाळी एक तुकडा टपकन खाली गेला, आणि मी एकटीच काठावर टाळ्या वाजवल्या.

आता गार्डसाहेबांना बोलवायचं होतं. घरधन्यांचं धाडस होईना, म्हणून मी त्यांना टांग्यात बसवून कॉलनीत नेलं, म्हणजे घोडी त्यांनीच हाकली, पण नेलं मी. क्वार्टरच्या दारात डब्यांत लावलेले गुलाब. कडी वाजवली. दार मेमसाहेबांनी उघडलं, फुलाफुलांचा झगा, हातात झाडू.

"मैं टांगेवाले की..." मी सुरू केलं.

"वो मछलीवाली?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तू ही है क्या?"

मी मागं सरले. आता झाडू पडणार.

"मालूम है, तूने क्या किया? हर संडे आदमी घर में! एक संडे को घडी खोला. दूसरे संडे को मेरा सिलाई मशीन खोला. अभी तक पूरा लगाया नहीं! अंदर देख!" आत खरोखरच जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर मशीनचे सुटे भाग ओळीनं मांडलेले. त्यामागं गार्डसाहेब मुकाट बसले होते, बुचाशिवाय पाण्याकडं बघावं तसे.

मी हात जोडून म्हणाले की डोहात मासे परत आलेत, मी भाकरी घालते, आता जाळं कुणी टाकणार नाही, साहेबांना पाठवा.

गार्डसाहेबांची मान वर आली. "सच? जाल नहीं?"

"जाल न्हाई. माळ पण न्हाई," मी म्हणाले.

मेमसाहेब आत गेल्या, पाकीट घेऊन आल्या आणि जाण्या-येण्याचं भाडं माझ्या हातावर आधीच ठेवलं. "ले जा संडे को. और सुन, देर से लाना."

तो रविवार उजाडला आणि टांगा जुंपत असतानाच कासुर्डीचं गिऱ्हाईक दारात. गूळ विकला गेला होता. कमरेला पैशांची पिशवी, बरोबर नवा दोर.

घरधन्यांच्या हातातला लगाम तसाच राहिला. अम्मांनी पिशवीकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं. "टांगा नदीवरनं आला की बोलू," म्हणाल्या.

"मी बी येतो की नदीवर. ठरलेली घोडी हाय, नजरंआड कशी करू?" आणि तो पुढं घरधन्यांच्या शेजारी चढूनही बसला.

त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून अम्मा मागं बसल्या. स्टेशनाबाहेरून गार्डसाहेब आणि ड्रायव्हरसाहेब चढले. टांगा भरला. मी चहाची किटली घेऊन पायी. मागं वळून बघणाऱ्या त्या घोडीच्या तोंडावर काय आनंद होता म्हणून सांगू!

डोहावर मामा काहील घेऊन तयार होते. गार्डसाहेब आत बसले, काहील एकदम कलंडली, मग गरागरा फिरली, हॅट पाण्यात पडली, मामांनी काठीनं काढली. कसेबसे खडकावर पोचले आणि बूच पाण्यात पडलं.

मग काहीच होईना.

आम्ही काठावर बसलो. घरधनी घोडीच्या मानेला टेकून उभे. गिऱ्हाईक जांभया द्यायला लागलं. "असंच बसत्यात?" त्यानं अम्मांना विचारलं.

"असंच," अम्मा म्हणाल्या, जशा काही त्या लहानपणापासून इथंच येताहेत.

सावली आमच्या पायांवरून सरकून पाण्याकडं गेली. घरधनी माझ्याकडं बघायचं टाळत होते. आणि मग बूच हललं. एकदा, जरासं. गिऱ्हाइकाची जांभई तोंडातच राहिली. पुन्हा हललं. सगळे उठून उभे राहिले, आणि बूच दिसेनासं झालं.

"धरा! धरा!" हे मी ओरडले नाही. अम्मा ओरडल्या. पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांना भान नव्हतं.

साहेबांनी सावकाश, दोरा सोडत, ओढत, मरळ खडकापाशी आणली. माझ्या माळेतल्या कुठल्याहीपेक्षा मोठी. हात ओले केले, उचलली, आम्हाला दाखवली. उन्हात ती अशी चमकली, जशी नुकतीच कुणी घासून ठेवलीय. मग ते वाकले आणि पाण्यात सोडली.

अम्मा माझ्याकडं वळल्या.

"सोडली?"

"सोडली, अम्मा," मी म्हणाले.

"म्हंजी फुडच्या रविवारी ह्यो साहेब परत येणार?"

मला ते कळायला डोह रिकामा करावा लागला होता. अम्मांना एक मासा पुरला. त्यांनी पदर सावरला, गिऱ्हाइकाकडं वळल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "दादा, शब्द दिला हुता, त्येची माफी असावी. दुसरी घोडी बघा. ही कामावर हाय."

घरधन्यांनी घोडीच्या मानेत तोंड लपवलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गिऱ्हाईक रागावेल, भांडेल, दोर दाखवेल असं मला वाटलं. पण त्याचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. तो पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उकिडवा बसला होता. "गप बसा वो जरा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्ये बूच परत हलतंय."

अंधार पडेपर्यंत तो तिथून उठला नाही. मध्ये चहा मागितला, मग आणखी एक, मग अंड्याची पोळी. मी अम्मांकडं पाहिलं. अम्मांनी डोळ्यांनीच सांगितलं, घे. मी सगळ्याचे पैसे घेतले. जाताना त्यानं घरधन्यांना हळूच विचारलं की रविवारी कासुर्डीहून लवकर निघालं तर टांगा मिळेल का.

मेमसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं गार्डसाहेबांना आम्ही उशिरा घरी पोचवलं. मग टांगा रिकामा झाला आणि घरधन्यांनी मला पहिल्यांदाच पुढं, स्वतःच्या शेजारी बसवलं. मी ऐटीत पुढं वाकून घोडीच्या पाठीवर हात फिरवला, म्हटलं, बाई, आता तरी ओळख. तिनं मान वळवली, माझ्याकडं त्या पाणीदार डोळ्यांनी पाहिलं, आणि चावली.